बधिर पायाच्या गुदगुल्या

माझ्या नवऱ्याचं बुटांचं दुकान आहे. तिथे बसून त्यांनी उभा जन्म लोकांना एकच थाप मारली, की नवा बूट चार दिवस चावतो आणि मग पायाचा होतो. पुतणीच्या लग्नात स्वतः काचेच्या कपाटातला, गिऱ्हाइकाला नुसता दाखवायचा, चकचकीत काळा जोड घालून गेले. एक नंबर लहान होता. "पाय कसा नेटका दिसतो बघ," म्हणाले आणि दिवसभर मिरवले. घरी येऊन मोजा काढला तर मोजा लालभडक आणि करंगळीखालची कातडी मोज्यात. दुखलं नाही का, विचारलं तर म्हणाले, मुळीच नाही. दुखणार कुठून? मधुमेहाने दोन्ही पाय केव्हाच बधिर झाले होते. म्हशीने पाय दिला असता तरी ह्यांना पत्ता लागला नसता.

सगळी गल्ली त्यांना शेठ म्हणते, म्हणून पाठीमागे मीही शेठच म्हणते. तोंडावर 'अहो'.

दुसरे शहाणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. दाजी बस चालवतात. त्यांच्या त्या जुनाट बसचं इंजिन चालकाच्या शेजारीच, आणि त्यावरचं झाकण इतकं तापतं की कंडक्टर त्यावर डबा गरम करून खातो. पायाला घाम येतो म्हणून दाजींनी चप्पल काढली आणि उजवी टाच त्या झाकणाला टेकवून अख्खी फेरी मारली. कसलातरी करपल्याचा वास येतोय, असं ते स्वतःच कंडक्टरला म्हणाले. त्याचा डबा उघडून पाहिला, तो ठीक होता. करपत होती ती दाजींची टाच.

असे हे दोन साडू. एक दुखणं, एक स्वभाव, आणि शुगर कोणाची जास्त यावरसुद्धा पैज. फरक एवढाच, की शेठचा पाय गेला असता तर ते गल्ल्यावर बसून राहिले असते, आता तरी दुसरं काय करतात! दाजींचा उजवा पाय म्हणजे ब्रेक. तो गेला की बस गेली, आणि बस गेली की ताईच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही.

दोन्ही जखमा चिघळल्या. मोठ्या दवाखान्यात जखमांवर संशोधन चालू होतं. आधी दाजींनी त्यात नाव घातलं, आणि दाजींनी घातलं म्हटल्यावर शेठ मागे कसे राहतील?

संशोधनाचे प्रमुख म्हणजे मोठे साहेब. माणूस शिकलेला, कपडे इस्त्रीचे, बोलणं असं की समोर शंभर माणसं बसली आहेत. आम्ही चौघंच होतो. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जखमेतलं सडलेलं मांस साफ झाल्याशिवाय जखम भरत नाही. ते साफ करायचे दोन उपाय. काही रुग्णांच्या जखमेवर जाळीच्या पुडीत जिवंत अळ्या ठेवायच्या; प्रयोगशाळेत वाढवलेल्या, स्वच्छ. बाकीच्यांना नळीतलं जेल. कोणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठीवर.

"अळ्या?" शेठ खुर्चीतून अर्धे उठले. फ्लॉवरमध्ये एक अळी निघाली म्हणून ह्याच माणसाने भरल्या ताटावरून उठून मला पातेल्यासकट भाजी टाकायला लावली होती.

"तुम्हाला कळणारच नाही," साहेब म्हणाले. "ड्रेसिंगच्या वेळी आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधतो. वरून जाड बँडेज. घरी ते उघडायचं नाही. काय मिळतंय हे रुग्णाला कळलं की त्याचं मन मध्ये लुडबुडतं. मग तो जखमेचं सांगत नाही, मनाचं सांगतो."

"म्हणजे झाकली मूठ," दाजी म्हणाले.

"सव्वा लाखाची," साहेब खूश होऊन म्हणाले. त्या डोळ्यांवरच्या पट्टीवर त्यांचं भारी प्रेम. तिच्याविषयी बोलताना आवाज असा मऊ व्हायचा, की वाटावं घरी लेकीचं कौतुक चाललंय.

शेठनी सही केली. कळणार नाही म्हटल्यावर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला जेलच. दाजींनी ठरवून टाकलं की आपल्याला अळ्याच. दोघांच्या डोळ्यांवर काळी फडकी बांधून सिस्टर त्यांना आत न्यायची आणि दोघं हात पुढे करून चाचपडत जायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मला दर खेपेला आठवायची.

दाजींचा तर सोहळाच सुरू झाला. बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून ते बसायचे आणि मधूनच डोळे मिटून म्हणायचे, "जेवायला बसली पोरं." त्यांनी अळ्यांना नावं दिली होती. एक म्हणे आळशी होती आणि एक त्यांच्या सासूसारखी सगळ्यांच्या आधी उठायची. सासू म्हणजे माझी आई. चहाबरोबर बिस्किटं मागून घ्यायचे, वर ताईला ऐकवायचे, "मी नाही गं खात, त्यांच्यासाठी. सडक्या मांसावर किती दिवस राहायचं त्यांनी?" मधुमेहाचा माणूस, आणि ताई वेडी हसत हसत द्यायची.

"गुदगुल्या होतात हो, साडूभाऊ," ते शेठना सांगायचे. "आधी करंगळीकडून येतात. मग तळव्याखाली एक गिरकी. मग दमून बसतात."

इंजिनावर टाच करपली तेव्हा ज्यांना कळलं नाही, त्यांना अळीची गिरकी कळत होती. मी हे बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, "मेहुणीबाई, तो आतला स्पर्श असतो." उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि आमचे शेठ! वर्षानुवर्षं माझं बोलणं ज्यांच्या कानात शिरलं नाही, त्यांच्या पायात साडूचं बोलणं शिरलं. पहिल्यांदा म्हणाले, काहीतरी हुळहुळतंय. मग म्हणाले, करंगळीकडून येतंय. मग जेवण कमी झालं. दुकानात गिऱ्हाइकाला बूट घालताना मध्येच हात थांबायचा आणि नजर स्वतःच्या पायावर लागायची. मी म्हटलं, सिस्टरला विचारू. तर म्हणाले, ती कशाला सांगेल, सगळे सामील आहेत.

एका दुपारी दुकान भरलेलं असताना, एका बाईच्या पायात सँडल अर्धी चढवलेली असताना, शेठ एकदम किंचाळले, "गिरकी घेतली!" आणि खाली बसून स्वतःचं बँडेज ओरबाडायला लागले. कात्री नाही, पाणी नाही, नुसता ओढून काढला कापूस. आतली नवी धरलेली कातडी त्याच्याबरोबर निघाली. रक्ताची धार लागली. ती बाई एक पाय अनवाणी तशीच रस्त्यावर पळाली.

आत अळी नव्हती. एकही नाही. पारदर्शक, थंडगार, बिचारं जेल होतं.

शेठ त्या जेलकडे बघत बसले. मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, ह्या माणसाबरोबर मी संसार केला, मला बक्षीस द्यायला हवं.

दवाखान्यात मोठे साहेब धावत आले. रक्ताने भिजलेला टॉवेल माझ्या हातात होता. साहेबांनी टॉवेलकडे पाहिलं नाही.

"तुम्ही पाहिलंत?" त्यांनी शेठना विचारलं. चेहरा असा, की घरात चोरी झाली आहे. "काय आहे ते तुम्ही पाहिलंत?"

"जेल," शेठ म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले. "संपलं," म्हणाले. "आता तुमच्या सांगण्याला काही अर्थ उरला नाही."

"तो आधीही नव्हता," मी म्हटलं. "पायाचं बोला."

पायाचं बोलायला चार-सहा दिवसांनी सर्जनच आला, कारण उघड्या जखमेत पू झाला आणि सूज घोट्यापर्यंत चढली. औषधं चालू केली. सर्जन म्हणाला, सडलेला भाग लवकर साफ झाला नाही तर घोट्याच्या वरून कापावं लागेल. साहेब म्हणाले, शेठचे डोळे आता उघडलेलेच आहेत, तेव्हा हवं तर उघडपणे अळ्या लावून बघू. जेलने आता भागणार नाही.

शेठ म्हणाले, "कापा."

मी ऐकून घेतलं. सिस्टरला म्हटलं, जरा बाहेर थांब. मग म्हटलं, "कापा म्हणता? खुशाल कापा. मग जोडातला उरलेला बूट कोणाच्या डोक्यात घालणार? दुकानावर पाटी लावू का, इथे एकेक बूट मिळेल म्हणून? बोटाएवढ्या किड्याला घाबरून पाय देणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. अहो, बोटाएवढासुद्धा नाही तो, तांदळाएवढा!"

बरंच बोलले. सगळं सांगत नाही. शेवटी शेठ भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ठीक आहे. पण कोणाला सांगायचं नाही. दाजींना तर नाहीच. शपथ घे." मी घेतली. पाय वाचत असेल तर मी कोणाचीही शपथ घेतली असती.

या वेळी डोळ्यांवर फडकं नव्हतं. अळ्यांची पुडी जखमेवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पट्टीतून तपकिरी पाणी झिरपायला लागलं. वास असा, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने खाट बदलून मागितली. चादर दिवसातून दोनदा बदलायची आणि धुवायची मीच. गुदगुल्या? शेठना काही म्हणजे काही कळत नव्हतं. खऱ्या अळ्या पायावर असताना पाय शांत, आणि जेल असताना किंकाळ्या.

पट्टी सोडली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग एक किलकिला केला. मग दुसरा. मग हा माणूस वाकून वाकून बघायला लागला.

"हे बघ," मला म्हणाले, "कडेचं चांगलं कातडं आहे ना, त्याला धक्का लावलेला नाही. खराब तेवढंच काढलंय. माझ्या कारागिराला सांगून सांगून थकलो, चांगलं चामडं वाचवून काप, त्याला जमत नाही."

मी म्हटलं, ठेवा मग ह्यांनाच कामाला. ते हसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला तो माणूस पहिल्यांदा थोडासा शहाणा वाटला, आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

ते शहाणपण घराच्या उंबऱ्यापर्यंतच टिकलं. जखम भरत आली, शेठ काठी घेऊन दुकानात बसायला लागले, आणि जो येईल त्याला सांगायला लागले, जेलने बरा झालो. पडलो तरी नाक वर. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, उपचार संपल्यावर सगळ्यांना विचारतात तसं तिने विचारलं, तुमची पसंती कशाला? दाजी समोर बसले होते. शेठ खणखणीत आवाजात म्हणाले, "जेल."

आणि दाजींची टाच काळी पडत चालली होती.

त्यांच्या उपचाराची मुदत संपली तरी जखम भरली नव्हती. उलट आत आत चालली होती. सर्जनने त्यांनाही तेच सांगितलं, आता उघडपणे अळ्या लावून बघायचं, नाहीतर पाय कापायचा. दाजी म्हणाले, "अळ्या मी इतके दिवस पोसल्या साहेब. नावं ठेवून पोसल्या. हरामखोर नुसत्या खाऊन बसल्या. साडूभाऊंना जेल मिळालं, ते बघा कसे चालतात. माझं नशीब फुटकं. जेल द्या, नाहीतर कापा. त्या किड्यांना पुन्हा नाही पायाशी घेणार."

ताईने रडत मला हे सांगितलं तेव्हा मी तिला एकच विचारलं. "दाजींच्या पट्टीतून कधी पाणी झिरपलं? चादर डागाळली?"

"छे गं. पट्टी कशी कोरडी खडखडीत. वाससुद्धा नाही."

दाजींच्या पायावर अळ्या कधी आल्याच नव्हत्या.

तशीच उठून मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, त्यांना एवढं सांगा, की तुम्हाला जेल लागत होतं. तेवढ्याने ते ऐकतील. साहेब म्हणाले, "मला ठाऊक नाही आणि मी बघणारही नाही. अभ्यास अजून चालू आहे. एकाचं उघडलं की सगळ्याला भोक पडतं."

"त्यांचा पाय जातोय."

"सर्जनने दोन्ही मार्ग सांगितले आहेत. निवड रुग्णाची." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचा पाय छान भरला. जेलच्या गटात आमच्याकडे चांगला निकाल आला."

"अहो, पाय अळ्यांनी भरला! तुम्हीच लावल्यात!"

"हो, पण चिठ्ठी जेलची होती. ज्याची चिठ्ठी ज्या गटाची, तो मोजायचा त्याच गटात. नाहीतर जो तो आपल्या सोयीने माणसं इकडची तिकडे करेल."

नियमात काही अर्थ असेलही. मी दुकानाची बाई, मला सगळं कळतं असं नाही. पण लग्न एकीशी लागलं, दुसरीने येऊन सगळा संसार केला, आणि कौतुक पहिलीचं, ह्याला आमच्याकडे कोणी शास्त्र म्हणत नाही. मी तसं म्हटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

शपथ गेली चुलीत. मी ताईला सगळं सांगितलं आणि ताईने दाजींना. दाजींनी लगेच शेठना फोन लावला. मी दुकानात शेठच्या समोरच उभी होते, फोनमधला दाजींचा आवाज मलाही ऐकू येत होता. हातांनी खुणा केल्या, कपाळावर हात मारला, हात जोडलेसुद्धा.

"साडूभाऊ, खरं सांगा. बायका म्हणतात, तुम्हाला किड्यांनी बरं केलं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"जेल हो, जेल," म्हणाले. "बायकांचं काय ऐकता?"

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओरडले असते तर त्यांना सोपं गेलं असतं; माझं ओरडणं त्यांना पाठ आहे. मी नुसतं ताट वाढत होते. ते दोनदा आपणहून म्हणाले, "तसं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "मला कशाला सांगता?" त्यांना भीती होती ती साडूच्या हसण्याची. आयुष्यभर बिस्किट खाताना दाजी म्हणणार, शेठ, तुमच्या पोरांना हवं का एक? तेवढ्यासाठी हा माणूस दुसऱ्याचा पाय जाऊ देत होता. मला त्यांची किळस आली. अळ्यांची कधी आली नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. शेठ आलेच, न येऊन करतात काय. पायात मऊ नवे बूट, हातात काठी. दाजी खाटेवर टेकून बसलेले, ताई पायथ्याशी. ताईच्या हातात पिशवी होती. ती धरून ती नुसती बसली होती, हे मला आल्या आल्या दिसलं.

तेवढ्यात मोठे साहेब शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. शेठना पाहून थांबले. "अरे वा! हे बघा, जेलच्या गटातले. पायाला अगदी उत्तम आराम." पोरापोरींनी शेठच्या बुटाकडे कौतुकाने पाहिलं.

"बघ," दाजी ताईला म्हणाले. "मोठे साहेब काय खोटं बोलतात?" मग शेठकडे वळून हसले. "या साडूभाऊ. तुमचीच वाट बघत होतो. दे गं ती पिशवी."

पिशवीत शेठनीच त्यांना मागे कधीतरी दिलेले तपकिरी बूट होते. बस चालवताना घाण होतात म्हणून दाजींनी ते कधी घातलेच नव्हते. त्यांनी उजवा बूट बाहेर काढला, बाहीने पुसला आणि शेठच्या हातात ठेवला.

"हा दुकानात ठेवा परत. कोरा आहे, पाय लागलेला नाही. डावा राहू द्या माझ्याकडे." जरा थांबून म्हणाले, "कोणी डावा पाय गेलेला आला तर त्याला द्या. आठ नंबर आहे."

ते चेष्टाच करत होते. आयुष्यभर केली तशी. पण मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

शेठ तो बूट धरून उभे राहिले. मग खाटेच्या कडेला बसले. काठी खाली पडली. वाकून स्वतःचा बूट सोडला. मोजा काढला. पाय उचलून सरळ दाजींच्या चादरीवर ठेवला.

"अळ्या," म्हणाले.

"काय?"

"मला जेल लागत होतं ते मी खेचून काढलं. तुमच्या गिरक्या ऐकून. मग पाय सडला. मग अळ्या लावल्या. त्यांनी हे केलं. मी डोळ्यांनी पाहिलं. मी खोटं बोललो. फोनवर बोललो ते खोटं. सगळ्यांना सांगितलं ते खोटं."

साहेब पुढे आले. "एक मिनिट, असं इथे—"

"तुमच्या पायावर अळ्या कधी नव्हत्याच, दाजी," शेठ थांबेनात. "अळ्या असल्या की पट्टी वाहते. घाण वास येतो. चादरी धुवून धुवून हिचे हात सोलवटले. तुमची चादर कोरडी. तुम्ही जेलवर होतात. मी जेलवर असताना मलाही गुदगुल्या झाल्या हो! आपला पाय मेलाय, त्याला काही कळत नाही. आपल्या डोक्याला गुदगुल्या होत होत्या."

"तुम्ही दुसऱ्या रुग्णाचा गट फोडताय!" साहेबांचा आवाज चढला. शिकाऊ पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही मोजा. पायाचं आम्ही बघतो."

दाजी शेठच्या पायावरून बोट फिरवत होते. करंगळीखाली गुलाबी, नवीन कातडी. बराच वेळ फिरवत राहिले.

"म्हणजे माझ्याकडे कोणी नव्हतंच?"

"नव्हतं."

"ती आळशी? आणि सासूबाई?"

"कोणीच नव्हतं."

"मग ती बिस्किटं कोणी खाल्ली?"

"तुम्ही!" ताई ओरडली, आणि तिथेच पायथ्याशी डोकं टेकून रडायला लागली. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सर्जनला बोलवा म्हणाले. "आणि डोळ्यांवर ते फडकं बांधू नका. ह्या वेळी खरी आहेत की नाही, मी बघणार."

टाचेचा एक लचका गेला. पाय राहिला. शेठनी कारागिराच्या डोक्यावर बसून उजव्या बुटाची टाच आतून भरून घेतली. बऱ्याच महिन्यांनी दाजी तो आठ नंबर घालून बसवर चढले. पहिल्या फेरीला आम्ही तिघंही मागे बसलो होतो. त्यांनी ब्रेक इतका करकचून मारला की शेठचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. मुद्दाम मारला असणार.

गोष्ट इथे संपली असती तर मीही कदाचित साहेबांना माफ केलं असतं.

पुढे अभ्यास संपला. निष्कर्ष दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवला होता, सगळ्यांना समजेल अशा भाषेत: दोन्ही उपायांत फारसा फरक आढळला नाही, जेल हाताळायला सोपं आणि रुग्णांची पसंती जेललाच. मी तिथे उभी राहून दोनदा वाचलं. दाजींची चिठ्ठीही जेलचीच निघाली होती. म्हणजे आमच्या घरातले दोन्ही पाय बरे करून, त्या मुक्या जीवांनी ते जेलच्या पदरात टाकले होते. आणि त्या पसंतीत शेठचा तो खणखणीत आवाजही होता.

शेठ आता बदलले आहेत. गिऱ्हाइकाच्या पायाला पट्टी दिसली की बूट बाजूला ठेवतात, खाली बसतात आणि आधी स्वतःचा मोजा काढून दाखवतात. अळ्या म्हटल्यावर काही जण उठून जातात. जाऊ देत. परवा एक भाजीवाली आली होती. तिच्या अंगठ्याची जखम चांगलीच चिघळली होती. तिने शेठचं सगळं ऐकून घेतलं, पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "शेठ, मी तयार आहे. कुठे मिळतात त्या?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या दवाखान्याने त्या मागवणं बंद केलं आहे.